कुकडीच्या काठाने जुन्नर : उगमापासून रांजणखळग्यांपर्यंत

धागाकर्ता : कोथरूडचा वाटसरू

पुण्याहून जुन्नरकडे जाणारे लोक साधारणपणे दोन प्रकारचे असतात. पहिले अष्टविनायकाच्या बसमधून उतरतात, ओझर आणि लेण्याद्रीचे दर्शन घेतात, वाटेत वेळ उरल्यास शिवनेरीला जातात आणि रात्री घरी परततात. दुसरे जुलै-ऑगस्टमध्ये नाणेघाटातील उलटा धबधबा पाहण्यासाठी येतात, भिजतात, छायाचित्रे काढतात आणि वाहनकोंडीत अडकून परततात. या दोघांपैकी कोणाच्याही आनंदात बिब्बा घालण्याची माझी इच्छा नाही. परंतु सुट्या सुट्या ठिकाणांची यादी करून हा तालुका पाहिला, तर त्या ठिकाणांचा एकमेकांशी असलेला संबंध हाती लागत नाही. तो संबंध कुकडी नदीच्या काठाने पश्चिमेकडून पूर्वेकडे गेल्यास आपोआप दिसू लागतो. निवांतपणे दोन मुक्काम करून असा प्रवास करता येतो, आणि त्याचीच चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

सुरुवात घाटघरपासून करावी. जुन्नरपासून हे गाव तीसेक किलोमीटर पश्चिमेला, सह्याद्रीच्या अगदी कड्यावर आहे आणि तेथेच नाणेघाटाचा माथा आहे. सोपारा, कल्याण या बंदरांत उतरलेला माल मुरबाड-वैशाखरे मार्गाने या घाटातून देशावर येत असे. माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा होता असे सांगितले जाते. त्या रांजणापाशी फोटो काढून बहुतेक लोक परत फिरतात. खरा ऐवज मात्र घाटाच्या नळीतून थोडे खाली उतरल्यावर लागणाऱ्या गुहेत आहे. सातवाहन राणी नागनिकेचा मोठा ब्राह्मी शिलालेख या गुहेच्या दोन भिंतींवर कोरलेला आहे. त्यात अश्वमेध, राजसूय यांसारखे यज्ञ आणि त्या प्रसंगी दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापण (त्या काळची नाणी) यांचे आकडे आहेत. भारतात अंक लिहिण्याच्या पद्धतीचा अभ्यास करणाऱ्यांना हे आकडे फार महत्त्वाचे वाटतात. समोरच्या भिंतीवर सिमुक, सातकर्णी, नागनिका, काही राजकुमार आणि एक महारठी अशा व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज मूर्ती नाहीत. वरची नावे आणि खाली काही ठिकाणी पावलांच्या खुणा तेवढ्या शिल्लक आहेत. १८२८ मध्ये विल्यम साइक्स याने या गुहेची नोंद केल्यावर अभ्यासकांचे लक्ष तिच्याकडे गेले.

घाट म्हटला की पहारा आला. घाटमाथ्याला लागूनच जीवधन उभा आहे, तेथून जुन्नरकडे येताना चावंड लागतो आणि माणिकडोहच्या जलाशयापलीकडे हडसर दिसतो. निजामशाहीच्या अखेरच्या काळात शहाजीराजांनी जीवधनावर कैदेत असलेल्या बालवंशजाला सोडवून पेमगिरीवर गादीवर बसवले आणि त्याच्या नावाने कारभार चालवला. १८१८ मध्ये इंग्रजांनी या किल्ल्यांच्या वाटा सुरुंग लावून आणि तोफा डागून मोडल्या, त्यामुळे जीवधन आजही सरावाशिवाय चढू नये. हडसरचा कातळ कोरून काढलेला दरवाजा आणि त्याच्या पायऱ्या मला या परिसरातील सर्वांत देखण्या बांधकामांपैकी वाटतात. त्याला बांधकाम म्हणणेही खरे तर चूक ठरेल, कारण तेथे काहीही बांधलेले नाही, सारे कोरलेले आहे.

चावंडच्या पायथ्याकडून थोडे आत पूर नावाचे गाव आहे आणि तेथे कुकडेश्वराचे मंदिर आहे. कुकडीचा उगम याच परिसरातला मानला जातो. मंदिर शिलाहारकालीन समजले जाते. शिखर राहिलेले नाही, परंतु भिंतींवरील आणि दारांवरील कोरीव काम अजूनही ठसठशीत आहे. येथे गर्दी जवळपास नसतेच. पुढे नदी माणिकडोह धरणात शिरते आणि तेथून जुन्नर शहर व लेण्याद्रीचा डोंगर यांच्या मधून वाहते.

जुन्नर शहराभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. महाराष्ट्रात एका गावाभोवती इतकी लेणी दुसरीकडे कोठेही नाहीत. लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी आणि तुळजा हे त्यांतील ठळक समूह आहेत. लेण्याद्रीचा गिरिजात्मज ज्या दालनात आहे, ते मुळात बौद्ध विहार आहे. एवढ्या मोठ्या दालनात एकही खांब नाही, हे दर्शनाच्या रांगेत उभे असताना अवश्य पाहावे. शेजारचे चैत्यगृह मात्र बहुतेक भाविक पाहतच नाहीत. शहराच्या पश्चिमेची तुळजा लेणी वेळ काढून पाहण्यासारखी आहेत, कारण तेथील चैत्यगृह गोल आहे आणि स्तूपाभोवती बारा साधे अष्टकोनी खांब वर्तुळात उभे आहेत. असा आराखडा फारच थोड्या ठिकाणी सापडतो.

शिवनेरीविषयी येथे कोणाला नव्याने सांगावे असे काही नाही. सात दरवाजे, शिवाईचे मंदिर, अंबरखाना, गंगा-जमुना टाकी, बदामी तलाव आणि शिवजन्मस्थान हा क्रम शाळेच्या सहलीपासून आपल्याला पाठ आहे. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांत शिवनेरी आहे. या गडाच्या पोटातही लेणी आणि टाकी आहेत, आणि किल्ला होण्यापूर्वी कित्येक शतके हा डोंगर भिक्षूंच्या वर्षावासाचा आणि व्यापाऱ्यांच्या दानाचा होता, एवढे लक्षात ठेवून वर जावे.

जुन्नर शहर मात्र लोक ओलांडून जातात. १४९० मध्ये मलिक अहमदने निजामशाहीची मुहूर्तमेढ येथेच रोवली, पुढे राजधानी अहमदनगरला गेली, आणि सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरच्या काळात ती काही वर्षे पुन्हा जुन्नरला आली. जुन्नरचा कागद पेशवाईच्या दप्तरांत वापरला जात होता. अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी बहामनी काळात चौलमार्गे जुन्नरला आला आणि पावसाळाभर येथे अडकला. त्याने विकण्यासाठी आणलेला घोडा येथील अंमलदार असदखानाने जप्त केला आणि धर्मांतर केल्याशिवाय तो परत मिळणार नाही असे बजावले. एका खुरासानी अधिकाऱ्याच्या मध्यस्थीने ते संकट टळले. दूरवरच्या बंदरातून आलेला घोडा, घाटमाथ्यावरील बाजारपेठ, अंमलदाराची नजर आणि संपता न संपणारा पाऊस या साऱ्यांत मला हा प्रदेश नीट दिसतो.

जुन्नरच्या पूर्वेकडील टप्प्याविषयी माझी माहिती तुलनेने तोकडी आहे. ओझर, येडगाव, खोडद, बोरी, आणे घाट आणि निघोज या टप्प्याविषयी जाणकारांनी भर घालावी. मुक्काम कोठे करावा, कोणत्या महिन्यांत जावे आणि काय टाळावे, हेही सांगावे.

---

ओतूरकर

वाटसरू, मांडणी आवडली. परंतु नदीचा हट्ट धरल्यामुळे आपले ओतूर सुटले, म्हणून तक्रार नोंदवतो. ओतूर मांडवी नदीच्या काठी आहे आणि ते पाणी पुढे पुष्पावतीमधून कुकडीलाच मिळते. त्यामुळे आपल्या नियमानेही ओतूर यादीत बसते.

येथे बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे. तुकोबांनी आपल्या अभंगात ज्यांचा स्वप्नातील गुरू म्हणून उल्लेख केला, ते हेच बाबाजी, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. शेजारी कपर्दिकेश्वराचे मंदिर आहे आणि श्रावणी सोमवारी तेथे कोरड्या तांदळाच्या पिंडी रचल्या जातात. पिंडी ओल्या तांदळाची नसते, दाणा दाण्यावर तोललेला असतो. त्या दिवशी यात्रा भरते, कुस्त्या होतात आणि गावात पाय ठेवायला जागा राहत नाही; ज्याला शांतता हवी त्याने दुसऱ्या दिवशी यावे.

पुढे आळे येथे, ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले त्या रेड्याची समाधी आहे. ओतूर-आळे-ओझर अशी एक फेरी घरातील वडीलधाऱ्यांसह सहज होते. ओझरच्या विघ्नहराचे देऊळ चिमाजीअप्पांनी वसईच्या विजयानंतर उभारले असे सांगतात. देवळामागे येडगाव धरणाचे पाणी पसरलेले आहे आणि संध्याकाळी घाटावर बसायला उत्तम जागा आहे.

---

ब्राह्मीची विद्यार्थिनी

लेण्यांविषयी थोडी भर घालते. जुन्नरच्या लेण्यांचे वेगळेपण त्यांतील दात्यांच्या नावांत आहे. नाणेघाटातील लेखात राजघराणे बोलते; जुन्नरभोवतीच्या लेखांत मात्र बाजारपेठ बोलते. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे व्यावसायिक संघाने, लेणे आणि पाण्याचे टाके दिल्याचा लेख आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेव ठेवून तिच्या उत्पन्नातून खर्च चालवण्याची तजवीज आहे. एका लेखात करंजाची आणि वडाची झाडे लावण्यासाठी जमिनीचे उत्पन्न लावून दिले आहे. चित, इरिल आणि चंद असे तीन दाते स्वतःला यवन, म्हणजे ग्रीक, म्हणवतात. त्यांपैकी एकाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला, दुसऱ्याने पाण्याची दोन टाकी दिली. मानमोडीच्या भीमाशंकर समूहात क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा, सेहेचाळिसाव्या वर्षाचा लेख आहे. सातवाहनांचा घाट काही काळ त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या ताब्यात गेला होता, हे यावरून समजते.

म्हणून माझी सूचना अशी की सकाळचा वेळ लेण्याद्रीला द्यावा, परंतु मानमोडीला किमान अर्धा दिवस राखून ठेवावा. तेथील भूतलिंग समूहातील चैत्याच्या दर्शनी भागावर गजलक्ष्मीचे सुंदर शिल्प आहे. वाट निसरडी आहे, आग्यामोहळे असतात, त्यामुळे धूर, उग्र अत्तरे आणि आरडाओरडा कटाक्षाने टाळावा. लेखांवर पाणी किंवा खडू लावून अक्षरे उठावदार करण्याचा उद्योग काही हौशी मंडळी अजूनही करतात. तसे करू नये. तिरप्या उन्हात, म्हणजे सकाळी लवकर किंवा दुपारनंतर, अक्षरे अशीच वाचता येतात.

---

दगडवाचक

पूर्वेच्या टप्प्याची जबाबदारी मी घेतो, कारण तेथे इतिहास लाखो वर्षांत मोजावा लागतो.

बोरी बुद्रुक येथे कुकडीच्या काठच्या गाळाच्या थरांत ज्वालामुखीच्या राखेचा पांढुरका थर आहे. दख्खनच्या काळ्या कातळाशी या राखेचा संबंध नाही. तो कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि ही राख त्या मानाने कालपरवाची आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९८०च्या दशकात तिच्यावर काम सुरू केले. त्याच थरांच्या सान्निध्यात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे, म्हणजे हातकुऱ्हाडी आणि फरशा, सापडल्यामुळे राखेचे वय ठरवणे म्हणजे हत्यारांचे वय ठरवणे झाले आणि वादाला तोंड फुटले. आरंभी हे वय सुमारे चौदा लाख वर्षे सांगितले गेले, पुढे पावणेसात लाखांच्या आसपासचे मोजमाप आले, आणि राखेचे रासायनिक घटक तपासणाऱ्यांनी ती सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या महास्फोटातून उडून आली असल्याचे दाखवले. राख टोबाची असेल, तर तिच्याजवळची हत्यारे जुन्या थरांतून वाहत येऊन तेथे जमा झाली का, हा प्रश्न उभा राहतो. एका नदीकाठच्या गावाने जगभरच्या प्रयोगशाळांना कामाला लावले, ही गोष्ट नारायणगावच्या हमरस्त्यावरून रोज जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल? कृपया तेथे जाऊन राख पिशवीत भरू नये. शेतकऱ्यांच्या खाजगी जमिनी आहेत आणि थर झपाट्याने कमी होत आहेत.

आणे घाटात, कल्याण-अहिल्यानगर महामार्गालगत गुळुंचवाडी येथे ओढ्यावर नैसर्गिक दगडी पूल आहे. ओढ्याने खडकाचा खालचा, तुलनेने कच्चा भाग झिजवून आरपार वाट काढली आणि वरचा टणक भाग कमानीसारखा तसाच राहिला. जवळच मळगंगेचे ठाणे आहे. पावसाळ्यात पुलाखालून पाणी जाताना पाहावे, परंतु ओढ्यात उतरू नये.

निघोजचे रांजणखळगे पारनेर तालुक्यात येतात आणि कुकडीच्या अलीकडच्या तीरावर शिरूरचे टाकळी हाजी आहे. पुराच्या पाण्यात भोवऱ्यांमध्ये सापडलेले गोटे कातळावर गरागरा फिरून शेकडो खळगे कोरत गेले. कित्येक खळग्यांच्या तळाशी ते गोटे अजून पडलेले दिसतात. घाटमाथ्यावर माणसाने कोरलेला रांजण आणि दीड दिवसाच्या प्रवासानंतर नदीने कोरलेले रांजण, हा वाटसरूंच्या मार्गाचा शेवट मला पटतो. हिवाळा आणि उन्हाळा हाच योग्य काळ आहे. खळगे खोल आहेत, काठ गुळगुळीत आहेत आणि पाणी सोडलेले असताना पोहता येणाऱ्यालाही बाहेर निघणे अवघड जाते.

---

पठारावरची

मी आणे पठारावरील एका गावची आहे, सध्या नोकरीनिमित्त पिंपरीत राहते. नदीकाठाने तालुका पाहण्याची कल्पना सुंदर आहे, परंतु नदीकाठी जे राहत नाहीत त्यांचा तालुका तीत येत नाही, एवढे नोंदवावेसे वाटते.

माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि शेजारच्या आंबेगावातील डिंभे ही पाच धरणे मिळून कुकडी प्रकल्प होतो. हे पाणी कालव्यांनी पारनेर, श्रीगोंदा, कर्जत असे करत सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्यापर्यंत जाते. आमचे पठार मात्र उंचावर असल्यामुळे कालव्याच्या पाण्यापासून वंचित राहिले आहे. तिकडे ऊस, द्राक्षे आणि टोमॅटो, आणि आमच्याकडे ज्वारी-बाजरी व पावसाची वाट, असा एकच तालुका दोन हवामानांत राहतो. दुसऱ्या टोकाला घाटमाथ्यावर तर याहून विचित्र प्रकार आहे. तेथे पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो, धबधबे पाहायला पुण्या-मुंबईच्या गाड्या येतात आणि एप्रिलमध्ये त्याच वाड्यांतील बायका हंड्यासाठी दरी उतरतात.

पर्यटकांनी जाऊ नये असे माझे म्हणणे नाही. राज्य सरकारने २०१८ मध्ये जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून घोषित केले, त्याचा आम्हांलाही आनंद आहे. परंतु घाटघरला मुक्काम केला तर पाणी जपून वापरावे आणि मे महिन्यात गेल्यास ते कोठून येते याची चौकशी करावी.

---

कोथरूडचा वाटसरू

पठारावरच्या ताई, आपला मुद्दा मूळ लेखात असायला हवा होता असाच आहे. प्रवासाच्या शेवटच्या दिवशी आळेफाट्याहून आणे घाट चढून पठारावर जावे आणि गुळुंचवाडीनंतर तेथील गावांतून निघोजकडे वळावे, असा बदल मी करतो. धरणाचे भरलेले पाणी आणि पठारावरचे कोरडे बांध एकाच दिवशी पाहिल्याने या प्रदेशाची खरी रचना समजेल.

दगडवाचक, बोरीच्या राखेविषयी इतक्या सोप्या शब्दांत मी प्रथमच वाचले. आपण वेगळा धागा काढावा, ही विनंती.

---

घाटघरकर

मी महादेव कोळी समाजातील आहे आणि घाटाखालच्या-वरच्या वाटा लहानपणापासून चालत आलो आहे. येथे केवळ राजांचा आणि साहेबांचा इतिहास आला, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

शिवनेरीवर कोळी चौथरा आहे. मोगलांविरुद्ध उठलेल्या कोळ्यांना तेथे ठार मारले, अशी आठवण आमच्या समाजात जपलेली आहे. गडावर येणाऱ्यांनी जन्मस्थानाइतकाच वेळ नाही, पण दोन मिनिटे तरी तेथे द्यावीत.

दुसरी गोष्ट हिरड्याची. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात भातशेती एकाच हंगामाची असते आणि उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करून वाळवणे हा घरात रोख पैसा येण्याचा मोठा मार्ग आहे. झाडावर चढून फांद्या झोडपायच्या, हिरडा वेचायचा, वाळवायचा आणि मग भाव मिळेल त्याला घालायचा. त्या दिवसांत अंगणभर वाळवण पसरलेले असते. गाडी वळवायला जागा म्हणून त्यावर चाके घालणारे पाहुणे आम्ही पाहिलेले आहेत. घरगुती मुक्कामाची सोय आता बऱ्याच वाड्यांत आहे. तांदळाची भाकरी, हुलग्याचे पिठले आणि पावसाळ्यात रानभाज्या मिळतात. आधी फोन करावा, म्हणजे घरच्या बाईला ऐन वेळी चुलीपुढे पळापळ करावी लागत नाही.

दुर्गवाडीकडे दुर्गादेवीची देवराई आहे. तेथील वाळलेले लाकूडही गावकरी उचलत नाहीत, तेव्हा पाहुण्यांनी शेकोटीसाठी उचलू नये.

---

दोन मुलांची आई

माझा प्रश्न सरळ आहे. वृत्तपत्रांत जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागातील बिबट्यांच्या हल्ल्यांच्या बातम्या सतत येतात. लहान मुलांना घेऊन अशा ठिकाणी मुक्काम करणे शहाणपणाचे आहे का?

---

ऊसपट्टा

ताई, आपली काळजी रास्त आहे आणि तिला हसण्यावारी नेऊ नये. आमच्याकडे बिबट्या जंगलातून येतो असे म्हणण्यात आता अर्थ उरलेला नाही. त्याच्या कित्येक पिढ्या उसातच जन्मलेल्या आहेत. धरणांचे पाणी आले, ऊस वाढला, वर्षभर दाट आडोसा मिळाला, आणि कुत्री, शेळ्या, डुकरे हे खाद्य वस्तीजवळच होते. ऊसतोडीच्या हंगामात फडात बछडी सापडतात आणि वनखाते ती त्याच जागी ठेवून मादीशी त्यांची पुन्हा भेट घडवण्याचा प्रयत्न करते. या शतकाच्या आरंभी पकडलेले बिबटे दुसऱ्या ठिकाणी सोडण्याचा मार्ग अवलंबला गेला, परंतु त्यामुळे संघर्ष कमी होण्याऐवजी वाढला, असे विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातून पुढे आले. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे. ते प्राणिसंग्रहालय नव्हे, त्यामुळे मुलांना बिबट्या दाखवायला तेथे नेण्याचा बेत करू नये.

मुक्काम गावठाणात किंवा कुंपण असलेल्या जागी करावा. उसाला लागून तंबू ठोकू नये. अंधार पडल्यावर मुलांना एकटे बाहेर सोडू नये, उघड्यावर वाकून किंवा बसून राहू नये, आणि रात्री शेतरस्त्याने पायी जावेच लागले तर दोघातिघांनी बॅटरी घेऊन बोलत जावे. आम्ही येथे रोज एवढेच करतो, आणि तरीही दुर्घटना घडतात, हे मी लपवणार नाही. दिवसा गड, लेणी, देवळे पाहण्यात अडचण नाही. कोणता परिसर त्या आठवड्यात टाळावा, हे स्थानिक वनकर्मचारी आणि मुक्कामाचे यजमान खरे सांगतात.

---

फडाचा रसिक

नारायणगावचा उल्लेख अजून हमरस्त्यापुरताच झाला, याचे नवल वाटले. तमाशाची पंढरी म्हणतात त्या गावाला. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे फडांच्या राहुट्या लागतात, पुणे-अहिल्यानगर-नाशिक भागांतील गावोगावचे यात्रा समितीचे पंच येतात, राहुटीत बसून तारीख आणि रक्कम ठरवतात आणि सुपारी देतात. चैत्र-वैशाखातील जत्रांचे अर्थकारण या काही दिवसांत ठरते. पाहुण्याने दूर उभे राहून हा बाजार पाहावा. सुपारी द्यायची नसताना राहुटीत शिरून दर विचारू नयेत.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच मातीतल्या. राष्ट्रपतींकडून दोनदा गौरव झाला, राज्य शासनाचा तमाशातील जीवनगौरव पुरस्कार आज त्यांच्या नावाने दिला जातो, आणि उतारवयात मात्र त्यांना हलाखी सोसावी लागली. प्रयोग चालू असताना कनातीमागे बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभ्या राहिलेल्या या कलावतीविषयी येथील म्हाताऱ्या रसिकांकडून ऐकावे.

जाता जाता मासवडीचे सांगतो. बेसनाच्या पारीत तीळ, सुके खोबरे, कांदा, लसूण यांचे सारण भरून केलेली वडी आणि सोबत झणझणीत काळा रस्सा. नाव काहीही असो, पदार्थ संपूर्ण शाकाहारी आहे. ती न खाता नारायणगाव ओलांडणे आमच्या घरात गुन्हा मानला जातो.

---

खगोलवेडा

खोडदविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. तेथील महाकाय रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने (एनसीआरए) उभारली आणि तिच्यामागे प्रा. गोविंद स्वरूप यांची दृष्टी होती. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. चौदा खोडदजवळ एकवटलेल्या आणि उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. सगळ्या मिळून सुमारे पंचवीस किलोमीटर विस्ताराच्या एकाच दुर्बिणीसारखे काम करतात. तबकडीचा पृष्ठभाग पत्र्याचा नसून पोलादी तारांच्या जाळीचा आहे, कारण मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरींना जाळी पुरते आणि वारा तिच्यातून निघून जातो. त्यामुळे वजन आणि खर्च दोन्ही आटोक्यात राहिले.

ही जागा निवडण्यामागे डोंगरांचा आडोसा आणि शहरांच्या रेडिओ गोंगाटापासूनचे अंतर ही कारणे होती. म्हणून तेथे मोबाइल बंद ठेवण्याचा आग्रह धरतात. तो शिष्टाचार नव्हे, निरीक्षणाची गरज आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या आगेमागे, सर्वांसाठी प्रदर्शन भरते आणि आसपासच्या शाळांतील मुले मोठ्या संख्येने येतात. इतर वेळी आधी परवानगी घ्यावी लागते. जवळच आर्वी येथे १९७१ मध्ये देशातील पहिले व्यापारी उपग्रह भूकेंद्र सुरू झाले आणि पुढे त्याला विक्रम साराभाईंचे नाव देण्यात आले.

---

कोथरूडचा वाटसरू

सर्वांच्या सूचना घेऊन आता मार्ग असा ठरतो. पहिल्या दिवशी पहाटे पुण्याहून निघून चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव या मार्गाने जुन्नर गाठावे आणि न थांबता घाटघरला जावे. नाणेघाटाची गुहा आणि कुकडेश्वर पाहून घाटघरलाच मुक्काम करावा. ज्यांना सराव आहे त्यांनी कुकडेश्वराऐवजी चावंड करावा. दुसऱ्या दिवशी हडसर किंवा तुळजा लेणी, त्यानंतर शिवनेरी आणि दिवस मावळण्यापूर्वी जुन्नर शहर. तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर लेण्याद्री, मग ओझर, आळे, आणे घाट, पठार आणि निघोज करून शिरूरमार्गे नगर रस्त्याने पुण्यात परतावे. मानमोडी, ओतूर आणि खोडद यांसाठी वेगळी फेरी ठेवावी. सगळे एकाच दमात कोंबले तर अष्टविनायकाच्या बसपेक्षा आपण वेगळे काही केले असे म्हणता येणार नाही. वृद्ध आईवडील सोबत असतील तर कुकडेश्वर, ओझर, आळे आणि गुळुंचवाडी एवढेच करावे, कारण लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या उन्हात जड जातात.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ मला सर्वांत सोयीचा वाटतो. पावसाळ्यात घाटमाथ्यावरील काही जागांवर प्रशासन बंदी घालते, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी.

---

ओतूरकर

स्वतःची गाडी नसलेल्यांसाठी एवढेच लिहितो. शिवाजीनगरचे एसटी स्थानक सध्या वाकडेवाडीला आहे. तेथून जुन्नर आणि नारायणगावसाठी दिवसभर गाड्या मिळतात. जुन्नरहून लेण्याद्री, ओझर आणि ओतूर एसटीने किंवा जीपने सहज होते. घाटघरच्या गाड्या मात्र मोजक्याच असतात आणि परतीची गाडी चुकली तर मुक्कामच करावा लागतो, त्यामुळे जुन्नर स्थानकावर उतरल्याबरोबर चौकशीच्या खिडकीवर परतीची वेळ विचारून मगच पुढच्या गाडीत बसावे.